दुरुस्ती कुठे छापायची?

मागच्या महिन्यात कराडहून एका वाचक भगिनीचा मेल आला. चार ओळींचा. आपल्या शिष्यवृत्तीवरच्या लेखात अर्जाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर दिली होती, प्रत्यक्षात ती २० होती. त्यांच्या धाकट्या भावाने आपल्या लेखावर विसंबून सावकाश कागद जमवले, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला काढला आणि २६ तारखेला सायबर कॅफेत जाऊन बसला, तर पोर्टल बंद. मेलची शेवटची ओळ अशी होती : ‘तुमच्या इंग्रजी पानावर मात्र बरोबर तारीख आहे, हे मला काल कळलं.’

ती ओळ वाचून मला घाम फुटला, कारण ती चूक माझी होती. आठवडाभर मी खराडीत एका कंपनीत कोड लिहितो आणि शनिवार-रविवारी या मासिकाची तांत्रिक बाजू सांभाळतो. लेख प्रसिद्ध झाला त्याच संध्याकाळी एकाने फोनवर चूक दाखवली होती. मी लॅपटॉप उघडला, इंग्रजी पानावर तारीख बदलली आणि जेवायला गेलो. मराठी पान वेगळं असतं, ते वेगळं दुरुस्त करावं लागतं. ते राहून गेलं. आणि इंग्रजीतही ‘आधी इथे चुकीची तारीख होती’ असं कुठे लिहिलं नाही. म्हणजे ज्यांनी सकाळी वाचलं होतं त्यांना संध्याकाळी काय बदललं ते कळायचा मार्गच नव्हता. आमच्या धंद्यात याला गुपचूप फिक्स म्हणतात, आणि तो करणाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटतं.

हा अंक पत्रकारितेपुढच्या आव्हानांवर काढायचं दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. संपादकीयात मालक, जाहिराती, अल्गोरिदम यांच्यावर तोंडसुख घ्यावं असा बेत होता. मेल आला आणि बेत फिरला.

अब्बा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झाले. पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, निविदा आणि ‘हरवले आहे’सकट, ही त्यांची सवय. मी शाळेत असताना त्यांनी एकदा मला शेवटच्या पानाच्या तळाची, मुंगीएवढ्या अक्षरांतली ओळ वाचायला लावली : मुद्रक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठे, संपादक कोण. हे कशाला वाचायचं, असं विचारलं तर म्हणाले, “उद्या काही उलटसुलट छापलं, तर कुणाच्या दारात जायचं ते यात लिहिलंय, बेटा.”

ती ओळ १८६७ च्या कायद्याने आली. इंग्रजांनी तो कायदा काही वाचकांच्या भल्यासाठी केला नव्हता. कोण काय छापतंय यावर त्यांना नजर ठेवायची होती. पण ओळ वाचकांच्याही उपयोगी पडली. २०२३ मध्ये जुना कायदा जाऊन नवा आला, तरी संपादकाने आणि प्रकाशकाने नाव सांगायचं हे कायम आहे. पुण्यात तर ‘ध’चा ‘मा’ झाल्याची गोष्ट शाळकरी पोरालाही माहीत असते. ती इतिहासात कितपत घडली हा वाद बाजूला ठेवू, पण त्या गोष्टीत निदान चिठ्ठी आहे, अक्षर बदलणारा हात आहे आणि चौकशी करायला रामशास्त्री आहेत. आज ‘ध’चा ‘मा’ होतो तेव्हा हात सापडत नाही.

छापील पेपरची आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर झाल्यावर उमगली. पेपरात दुरुस्ती यायची ती आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळींत. संपादकांना ती कधीच आवडत नसे. तरी ज्या पोऱ्याने सायकलवरून काल चूक दारात टाकली, तोच पोऱ्या आज दुरुस्ती टाकून जायचा. दोन्ही एकाच वाटेने, त्याच घरांत जायच्या. वाचणाऱ्याने वाचली नाही तर तो त्याचा प्रश्न. फोनवर आल्यापासून बातमीची ही परतीची वाट तुटली. पत्रकारितेचं या काळात जे नुकसान झालं, त्यातलं मला हे सगळ्यात मोठं वाटतं.

ते मला कळलं ते पुस्तकातून नाही.

ऑगस्ट २०१२. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. रमजान चालू होता. जूनमध्ये म्यानमारच्या राखाईनमध्ये आणि जुलैत आसामच्या कोक्राझार भागात हिंसाचार झाला होता. मुसलमान मारले जात होते आणि बेघर होत होते, हे खरंच होतं. पण आमच्या फोनवर जे येत होतं ते वेगळंच. एक फोटो तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल : मरून वस्त्रांतले बौद्ध भिक्खू, त्यांच्यापुढे प्रेतांचे ढीग. ‘बर्मामध्ये आपल्या भावांची कत्तल, मीडिया गप्प.’ मी तो तरावीहनंतर फेसबुकवर टाकला. वर चार संतप्त ओळी लिहिल्या. त्या वयात आपण लिहिलेल्या संतप्त ओळी आपल्याला फार आवडतात.

तो फोटो बर्मातला नव्हता. एप्रिल २०१० मध्ये चीनच्या तिबेटी भागात, युशूला मोठा भूकंप झाला. तिथल्या मृतांच्या अंत्यसंस्काराला जमलेल्या भिक्खूंचा तो फोटो होता. ते भिक्खू मेलेल्यांची सेवा करत होते. मी त्यांना खुनी ठरवून मोकळा झालो. गंमत म्हणजे हा खोटेपणा जुलैतच एका पाकिस्तानी ब्लॉगरने पुराव्यानिशी दाखवून दिला होता. माझ्यापर्यंत फोटो पोहोचला, ते पोहोचलं नाही.

मग पुण्यात, विशेषतः कोंढव्याच्या बाजूला, ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले. चेहऱ्यावरून माणूस ओळखून मारहाण. मार खाणाऱ्यांत मणिपूरची मुलं होती, ज्यांचा ना बर्माशी संबंध ना कोक्राझारशी. ११ ऑगस्टला मुंबईत आझाद मैदानावरच्या निषेध सभेला हिंसक वळण लागलं, दोघांचा जीव गेला आणि वृत्तवाहिन्यांच्या गाड्या पेटवल्या गेल्या. ‘मीडिया गप्प’ या रागात ज्यांच्या गाड्या जाळल्या ते पत्रकार तिथे सभेची बातमी द्यायलाच आले होते. पुढच्या आठवड्यात अफवा उलट दिशेने फिरल्या : ईदनंतर ईशान्येकडच्यांना सोडणार नाहीत. बंगळुरूहून, पुण्याहून हजारो मुलं-मुली गाड्या धरून निघून गेली. १७ ऑगस्टला केंद्र सरकारने एका वेळी पाचपेक्षा जास्त लोकांना एसएमएस पाठवायला पंधरा दिवस बंदी घातली.

आमच्या वर्गातही मणिपूरचा एक मुलगा होता. सबमिशनच्या फायली आम्ही एकमेकांच्या बघून लिहायचो. तो आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला आणि तिथून पुढे गेला. तीन आठवड्यांनी परतला. तोवर फोटोचं खरं मला कळलं होतं आणि मी पोस्ट डिलीट केली होती. चूक झाली असं कुठेही लिहिलं नाही. त्याच्याशी तर त्या विषयावर बोललोच नाही. सबमिशन पुढे सुरू झालं.

या खोट्या फोटोचा हिशेब इथे संपत नाही. पाच वर्षांनी, ऑगस्ट २०१७ नंतर, सात लाखांहून जास्त रोहिंग्यांना खरोखर देश सोडून बांगलादेशात पळावं लागलं. तेव्हाचे फोटो खरे होते. ते मी ऑफिसातल्या सहकाऱ्यांना दाखवले, तर एकजण सहज म्हणाला, “हे तुमचं भूकंपवालं तर नाही ना?” त्याला काय उत्तर देणार? एका खोट्या फोटोने पुढच्या शंभर खऱ्या फोटोंची किंमत घालवून ठेवली होती, आणि त्यात माझाही हात होता.

दोन वर्षांनी वाट उलटी फिरली. मे २०१४ च्या अखेरीस शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं फेसबुकवर आली. कुणी टाकली ते कुणालाच माहीत नाही. दगडफेक मात्र शहरभर. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये नमाज पढून परतणाऱ्या एका तरुणाला जमावाने मारून टाकलं. मूळचा सोलापूरचा, वय २८, आयटीत नोकरी. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, आपल्या सगळ्यांना ते पाठ आहे. मला नोकरी लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या रात्री अम्मीने मला फोन करून एकच विचारलं, “डोक्यावर टोपी आहे का?” आणि मी हो म्हणालो, तर ती रडायला लागली.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. साडेआठ वर्षं. एवढ्या काळात तारखा पडत राहिल्या, साक्षीदार आले-गेले, आणि शिवाजीनगरच्या कोर्टात कुणीतरी वार्ताहर बसून ते टिपत राहिला. निकालाचे व्हिडिओ ज्या चॅनलांवर आपण पाहिले, त्यातल्या बहुतेकांनी ते त्या वार्ताहराच्या बातमीवरूनच केले होते.

हे मी मुद्दाम सांगतोय. कारण आपल्या वयाच्या मुलांशी बोललं की एकच ऐकू येतं : पेपर काय, टीव्ही काय, सगळे विकले गेलेत, आम्ही बघायचंच सोडलं. टीव्हीच्या बाबतीत मी वाद घालणार नाही. पेपरांच्या बाबतीतही ही तक्रार बिनबुडाची नाही. मार्च-एप्रिल २०२० आठवा. निजामुद्दीन मरकजनंतर तबलिगी म्हणजेच कोरोना, असं महिनाभर चाललं. भाजीवाल्याला नाव विचारून परत पाठवत होते. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि छापील व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं स्पष्ट नोंदवलं. आमच्या घरी येणाऱ्या पेपरात आरोप कितीतरी दिवस पहिल्या पानावर होते. निकाल आतल्या पानावर, एका कॉलमात आला.

अब्बांनी पोस्टकार्ड लिहिलं. शिवीगाळ नाही, उपदेश नाही. आरोपाच्या बातम्या कोणत्या तारखेला कोणत्या पानावर होत्या आणि निकालाची कुठे आली, एवढंच, शेवटी ‘असे का?’ बारा दिवसांनी ते पत्र छापून आलं, निम्मं कापून, सहा ओळींत. खाली नाव आणि ‘कोंढवा, पुणे’. मी चिडलो. अब्बा म्हणाले, “सहा ओळी आल्या ना? ज्यांच्या घरी आरोप गेला होता त्यांच्याच घरी गेल्या.” ते कात्रण अजून त्यांच्या पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात आहे.

त्याच उन्हाळ्यात पेपरांचं कंबरडं मोडलं. कागदावरून विषाणू येतो, हे फॉरवर्ड आधी फिरलं. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरपोच पेपर टाकायला मनाई केली. इतरत्र ती लवकर सैल झाली, पुण्या-मुंबईत लांबली. जाहिराती आटल्या. डिसेंबरात ‘पुणे मिरर’ बंद करत असल्याचं टाइम्स समूहाने जाहीर केलं (नंतर ते दुसऱ्या हातांत जाऊन पुन्हा निघालं). ज्यांनी कोरोनाच्या नावाने अफवांना हवा दिली, त्यांच्याच पोटावर अफवेने पाय दिला, असं म्हणायचा मोह होतो. पण नोकऱ्या गेल्या त्या मालकांच्या नाही. गेल्या त्या वार्ताहरांच्या, उपसंपादकांच्या, मुद्रितशोधकांच्या, म्हणजे नेमक्या त्यांच्या, जे चूक पकडायला बसलेले असतात.

मी पोटासाठी काय करतो ते थोडं सांगतो, म्हणजे हे लक्षात येईल. खरेदीच्या अ‍ॅपवर माणसाला पुढची वस्तू कोणती दाखवायची, हे ठरवणारा प्रोग्रॅम आमची टीम लिहिते. बातमीचं फीड याच जातीचं असतं. आमच्या टेबलात कॉलम असतात : किती जणांनी पाहिलं, किती सेकंद थांबले, किती जणांनी पुढे पाठवलं. ‘खरं होतं का’ असा कॉलम नसतो. तो कुणी दुष्टपणाने काढलेला नाही. तो भरायचा कुणी, हा प्रश्न आहे. यंत्राला तो भरता येत नाही आणि माणूस बसवायचा तर पगार द्यावा लागतो. बातमीच्या धंद्यात तो कॉलम भरणाऱ्या माणसाला उपसंपादक म्हणत.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट आणखी अवघड. तिथे निरोप कुलूपबंद जातो, आत काय आहे ते कंपनीलाही वाचता येत नाही. खासगी बोलण्यासाठी हे चांगलंच आहे, आणि ते तसंच राहावं. पण मी पाठवलेलं खोटं तुम्ही पुढे ढकललं की मी माझ्याकडचं पुसून काही होत नाही. तुमच्याकडची प्रत तशीच. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची भिक्षुकी करणारी माणसं, मंगळवेढ्याकडची. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच जणांनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. याने वेग कमी होतो. दुरुस्ती मात्र तरीही त्या वाटेने परत जात नाही.

मग ‘खरं होतं का’ हा कॉलम आम्हीच भरतो, म्हणत सरकार पुढे आलं. एप्रिल २०२३ मध्ये आयटी नियम बदलून केंद्र सरकारविषयीचा मजकूर खरा की खोटा, ते सरकारी कक्ष ठरवणार होता. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी आव्हान दिलं. दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं गेलं, आणि तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांच्या सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानंतर मुंबई उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. आपल्याबद्दलच्या बातमीत काय खरं ते ज्याच्याबद्दल बातमी आहे त्यानेच ठरवायचं, यातला विनोद समजायला विनोदी कलाकार लागावा, हेही आलंच.

‘आल्ट न्यूज’ २०१७ मध्ये ज्या दोघांनी उभं केलं, ते प्रतीक सिन्हा आणि मोहम्मद झुबेर, दोघेही आधी माझ्यासारखेच टेक्नॉलॉजीच्या नोकरीतले. झुबेर यांना २०२२ मध्ये चार वर्षं जुन्या एका ट्वीटवरून अटक झाली आणि सुप्रीम कोर्टाने जामीन देईपर्यंत तीन आठवडे आत राहावं लागलं. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण खोटं पकडणं हे अर्धं काम. कोंढव्यात पाणी का येत नाही, वक्फच्या जागेवर कोण बांधकाम करतंय, शिवाजीनगर कोर्टात आज कुणाची साक्ष झाली, हे कुणी जाऊन पाहून लिहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही. आपल्यातून इंजिनिअर झाले, सीए झाले, आता यूपीएससीला बसतात. मराठी दैनिकात वार्ताहर होईन म्हणणारा मुलगा किंवा मुलगी मला गेल्या दहा वर्षांत दोनच भेटले. दोघांनाही घरच्यांनी पगार विचारला. पगार ऐकून मीही गप्प बसलो होतो, हे कबूल करतो.

पैसे हाच मुद्दा आहे, आणि तो जुना आहे. १८७७ मध्ये पुण्यात कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं, कारण शेतकऱ्या-कामकऱ्यांची बाजू पुण्याच्या पत्रांत येत नव्हती. पैशांच्या ओढाताणीत तीनच वर्षांत ते मुंबईला नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे गेलं. ज्यांच्यासाठी पत्र काढलं त्यांना वर्गणी द्यावीशी वाटली नाही की पत्र चालत नाही, मग ते कितीही खऱ्या बाजूचं असो. आपण महिन्याला तीन ओटीटीचे पैसे भरतो. एका पेपरची, किंवा एखाद्या चांगल्या मराठी पोर्टलची वर्गणी भरत नाही, आणि मग तिथे आपली बातमी येत नाही म्हणून रागावतो.

मणिपूरच्या त्या मित्राचं राहिलं. तो आता बंगळुरूत असतो. मे २०२३ मध्ये त्याच्याकडे हिंसाचार पेटला, इंटरनेट बंद झालं, घरच्यांशी धड बोलता येईना. कुठून कुठून फोटो त्याच्यापर्यंत येत होते. रात्री एक-दीड वाजता तो ते मला पाठवायचा : “बघून सांग, खरा आहे का.” मी उलटा शोध घेऊन सांगायचो. एक फोटो तर मणिपूरचा नव्हताच. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी त्याला २०१२ चा फोटो सांगितला, अकरा वर्षांनी. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “माहीत होतं. तेव्हा फेसबुकवर आपण फ्रेंड होतो ना.”

त्याने तो पाहिला होता. मी तो पुसला, हेही पाहिलं असणार. पुसण्याची मात्र कुणी दखल घेत नाही, आणि घेतली तरी त्याचा अर्थ लागत नाही.

आता आपल्या मासिकाचं. या अंकापासून चूक झाली तर ती त्याच लेखाच्या डोक्यावर, मराठी आणि इंग्रजी दोन्ही पानांवर, तारखेसह लिहिली जाईल : आधी काय होतं, आता काय आहे. लेखाची लिंक आम्ही ज्या ज्या गटांत टाकली होती, त्या त्या गटांत दुरुस्तीही टाकली जाईल. प्रत्येक पानाच्या तळाला जबाबदार संपादकाचं नाव आणि पत्ता असेल. दोन सहकाऱ्यांचं म्हणणं असं पडलं की याने आपण सारखे चुकतो असं दिसेल. दिसू दे. कराडच्या भगिनींशी फोनवर बोलणं झालं आहे. भावाला पुढच्या वर्षी त्याच योजनेत अर्ज करता येतो, आणि तो करेपर्यंत त्याच्या या वर्षीच्या फीची सोय आम्ही मित्रांनी मिळून केली आहे. त्या म्हणाल्या, फीचं ठीक आहे, पण ते आधी नीट छापा.

दुरुस्ती : सप्टेंबरच्या अंकात शिष्यवृत्तीवरील लेखाच्या मराठी पानावर अर्जाची शेवटची तारीख ३० सप्टेंबर अशी प्रसिद्ध झाली. ती २० सप्टेंबर अशी हवी होती. इंग्रजी पानावर ही चूक प्रसिद्धीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. ती बदलताना तसा उल्लेख केला नव्हता. मराठी पानावर ती मुदत संपून गेल्यावरही तशीच होती. वाचकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.